क्रीडासंकुलांची शाकारणी कोण करणार?

कोकणातला शेतकरी मृग लागण्यापूर्वी घराची कौले शाकारून घेतो. त्यासाठी घरात लग्नकार्य निघण्याची तो वाट पाहत नाही. आपल्या क्रीडाव्यवस्थेची रीत मात्र नेमकी उलटी आहे. मोठी स्पर्धा ठरली की सरकारी तिजोरी उघडते. मांडव उतरला की संकुलाकडे कोणी फिरकत नाही.

दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी उभे राहिले. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सुमारे ९६० कोटी रुपये खर्चून त्याचा कायापालट करण्यात आला. त्या स्पर्धांतील उधळपट्टीवर महालेखापरीक्षकांनी २०११ साली ओढलेले ताशेरे सर्वश्रुत आहेत. पुढे २०२५मध्ये दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेसाठी तेथे नवी धावपट्टी घालण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे स्टेडियम पाडून १०२ एकरांवर क्रीडानगरी उभारण्याची योजना पुढे आली. क्रीडानगरीची कल्पना स्वागतार्हच आहे. स्पर्धेसाठी धावपट्टी अपरिहार्य होती, हेही मान्य. परंतु या दोन निर्णयांमध्ये अवघ्या काही महिन्यांचे अंतर असावे, यावरून वीस-पंचवीस वर्षांचा आराखडा कोणाच्याही टेबलावर नव्हता, असाच निष्कर्ष निघतो.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. काँक्रीटचा सांगाडा पन्नास वर्षे टिकतो. सिंथेटिक धावपट्टी मात्र दहा-बारा वर्षांत झिजते. छताचे पत्रे, प्रकाशझोत, जलवाहिन्या या प्रत्येकाची मुदत निराळी. खाजगी कारखानदार यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. सरकारी जमाखर्च मात्र रोखीचा. त्यात घसाऱ्याला रकानाच नाही! बांधकाम भांडवली खर्चात दिसते, त्याची कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. दुरुस्ती महसुली खर्चात मोडते आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावरच कोसळते. गळक्या नळाच्या दुरुस्तीचे उद्घाटन करण्यास कोणता मंत्री येणार?

पुण्याच्या बालेवाडीचा इतिहासही स्पर्धांच्याच तालावर चालला आहे. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी संकुल बांधले गेले, २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या निमित्ताने त्याचे नूतनीकरण झाले. दोन स्पर्धांमधल्या वर्षांत तेथे रोज पहाटे सराव करणाऱ्या मुलामुलींनी कोणाकडे पाहायचे? पदके घडतात ती याच वर्षांत.

क्रिकेटची गोष्ट वेगळी. प्रक्षेपणाच्या हक्कांतून येणारा पैसा त्याचे मैदान सांभाळू शकतो. ॲथलेटिक्स, हॉकी, जलतरण यांना हा आधार नाही. म्हणूनच मेलबर्नचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील क्रिकेट मैदानाचा मोठा भाग २००६च्या राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वी नव्याने बांधला गेला. खर्चाचा मोठा वाटा क्लबने कर्ज काढून उचलला आणि ते सभासदांच्या वर्गणीतून फेडण्याची सोय केली. शिवाय ऑस्ट्रेलियन फुटबॉलची अंतिम लढत २०५९पर्यंत त्याच मैदानावर खेळवण्याचा करार आहे. उत्पन्न इतक्या दूरवर दिसत असेल, तर पुढच्या बांधकामाचे नियोजनही तितक्याच निश्चिंतपणे करता येते. तेथील खेळवेडी, सधन सभासदमंडळी आपल्याकडे आयती मिळणार नाहीत, हे खरे. पण प्रत्येक संकुलासाठी बांधकाम खर्चाच्या ठरावीक टक्क्यांचा राखीव निधी, इतरत्र वळवता न येणारा, कायद्याने बांधून ठेवणे आपल्यालाही अशक्य नाही. सभागृहे, दुकानगाळे यांच्या भाड्यातून त्यात भर पडू शकते. मात्र मैदान लग्नसमारंभांना देऊन नव्हे. ती सोपी वाट पुष्कळ नगरपालिकांनी चोखाळली आणि गवताबरोबर खेळही तुडवला गेला.

२०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २०२५मध्ये अहमदाबादला मिळाले आहे. शतकमहोत्सवी स्पर्धांचा हा मान प्रत्येक भारतीयाला सुखावणारा आहे. या निमित्ताने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वास्तूच्या अंदाजपत्रकात २०३१पासूनच्या देखभालीची तरतूद, ती करणारी यंत्रणा आणि तिचे उत्पन्न हे तीन रकाने भरलेले असल्याखेरीज निविदा निघू नये, असा आग्रह संसदेत आणि गुजरात विधानसभेत आत्ताच धरला गेला पाहिजे.