सावित्रीला आधीच कळलं होतं

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात बैठकीला गेले होते. नवऱ्यानं जीव दिल्याला पंधरा दिवस झालेली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. कर्ज किती, जमीन कोणाच्या नावावर, तिला काहीच ठाऊक नव्हतं. “मले का मालूम बाई, कागदं तं तेच पाहेत,” ती म्हणाली.

त्या गावात दर वर्षी सात दिवसांचा हरिनाम सप्ताह होतो. मंडपात निम्म्याहून जास्त बायाच असतात. म्हणजे ऐकायला ती होतीच. सांगणाऱ्यांनी तिला सोसायला शिकवलं, सावध राहायला नाही.

‘कीर्तनात सातबारा कशाला? कथा भक्तीसाठी असते,’ असं मला ऐकवलं जातं. मग सावित्रीची कथा नीट आठवा. सत्यवान वर्षभरात मरणार, हे नारदानं लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणून तर ती नेमकी त्या दिवशी त्याच्याबरोबर रानात गेली. यमाकडेही तिनं आधी सासऱ्याची दृष्टी नि गेलेलं राज्य मागून घेतलं, नवऱ्याचा प्राण त्यानंतर. आपल्याला मात्र वडाला दोरा गुंडाळणं तेवढं शिकवलं. पूर्वसूचना आणि राज्याचा हिशेब दोन्ही गाळले. आणि कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला म्हणायचं नारदाची गादी!

याच तालुक्यात दापुरे आहे. दारूपायी नवरा गेल्यावर सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन इथे भावाच्या आश्रयाला आली. पुढे त्या भावाची जमीन सावकाराच्या कागदांनी गिळली. हा डेबू म्हणजेच गाडगेबाबा (1876–1956). कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरं शिकवा, हे त्यांनी कीर्तनात आयुष्यभर सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. संकट येण्याआधीची ती तालीमच होती. आज आपण त्यांचा खराटा मिरवतो. त्यांचे प्रश्न आणि सखूबाई, दोघांनाही विसरतो.

वऱ्हाडात नापिकी, गारपीट, सावकार यांना ‘अचानक’ म्हणायची सोय आता उरलेली नाही. दिवस ठाऊक नसतो, पण येणार हे ठाऊक असतं. तरी बाईला सातबारा, वारसनोंद, ‘पात्र-अपात्र’ हे शब्द पहिल्यांदा ऐकू येतात ते कुंकू पुसल्यावर. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ योजना शासनानं 1992 मध्ये आणली. किती मंडपांतून ती सांगितली गेली?

म्हणून आमची मागणी साधी आहे. सप्ताहाच्या सात दिवसांतला एक दिवस या कथेचा असावा. कर्जाचा कागद कसा वाचायचा, वारसनोंद कुठे करायची, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं, हे त्या दिवशी सांगितलं जावं. आणि ते सांगायला त्या गादीवर बाई उभी राहावी, जिच्यावर हे सगळं गुदरलं आहे अशी.

गादी मिळेपर्यंत थांबायचं मात्र नाही. भुलाबाईची गाणी आपलीच आहेत. त्यात सासरचे हाल आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो. यंदा गाणी संपली, खिरापत वाटून झाली, की घरातला सातबारा आणून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. त्यात आपलं नाव आहे का, ते आजच पाहून ठेवा.