वायर कापण्याआधी नळी बघा

पावसाळी बंदी उठली, किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या बोटी पाण्यात उतरल्या आणि आमच्याकडे पत्रं येऊ लागली. देवबाग, तारकर्ली, दांडी, चिवला, सगळीकडून प्रश्न एकच: इंजिनाच्या खणातला पेट्रोल-वाफेचा अलार्म सारखा वाजतो, तो बंद कसा करायचा? काहींनी उपाय करूनही टाकला आहे. हॉर्नची वायर कापली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, आणि त्याच बोटीवर पर्यटकांच्या फेऱ्या चालू आहेत. हे ताबडतोब थांबलं पाहिजे.

"वास तर येत नाही" असं बहुतेकांनी लिहिलं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती बिल्जमध्ये जाऊन बसते आणि तुमचं नाक असतं डेकवर. शिवाय दिवसभर पेट्रोल हाताळणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. हवेत वाफेचं प्रमाण 1.4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. बरेचसे अलार्म त्याच्या पाचव्या हिश्श्यावरच वाजतात, म्हणजे तो वाजतो तेव्हा हातात अजून वेळ असतो. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, खणातला कुठलाही स्विच दाबायचा नाही. माणसं आधी उतरवा, झाकण उघडा, वारा खेळू द्या. गाडीचा पंखा ब्लोअर म्हणून ज्यांनी बसवला आहे त्यांनी तो आजच काढावा. त्याच्या मोटरची ठिणगी उघडी असते. मरीन ब्लोअरच हवा, आणि त्याचं शोषणाचं तोंड खणाच्या तळाशी पण बिल्जच्या पाण्याच्या वर हवं.

अलार्म खोटाही वाजतो, हे आम्हाला मान्य आहे. पावसाळ्यात फायबरची डागडुजी झालेली असते. रेझिन आणि थिनरची वाफ सेन्सरला पेट्रोलसारखीच वाटते. कनेक्टरवर खारं चढतं. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फच्या वेळी व्होल्टेज पडून हॉर्न बोंबलतो. खणात हवा खेळली की सेन्सर काढून डेकवर मोकळ्या वाऱ्यात धरा. तिथेही वाजत राहिला तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. तिथे गप्प झाला आणि खणात ठेवताच पुन्हा वाजला, तर नळ्या, क्लिपा, टाकीची गॅस्केट तपासा. याहून वाईट अवस्था म्हणजे कधीच न वाजणारा अलार्म. सेन्सरजवळ सिलिकॉन सीलंट वापरलं तर काही जातींचे सेन्सर कायमचे मरतात. टेस्ट बटण दाबल्यावर हॉर्न वाजला म्हणून निश्चिंत होऊ नका. बहुतेक यंत्रांत ते बटण फक्त हॉर्न आणि सर्किट तपासतं, सेन्सरला वाफ कळते की नाही ते सांगत नाही.

नळीबद्दल थोडं जास्त. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आउटबोर्डच्या पुस्तिका उघडून बघा, बहुतेक कंपन्यांनी मर्यादा 10 टक्के दिली आहे. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. नळी फुगते, मऊ पडते, आणि थेंब न गळताही तिच्या अंगातून वाफ बाहेर झिरपते. स्वच्छ कोरडं फडकं घ्या, नळीवरून आणि प्रायमर बल्बवरून दाबून फिरवा, मग ते नाकाला लावा. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर नळी संपली. गाडीच्या गॅरेजमधली नळी आणू नका. आयएसओ 7840 छापलेली मरीन नळी मागून घ्या.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमच्या मिस्त्रींचा अनुभव असा की सगळ्यात जास्त अलार्म वाजतात ते टाकी भरल्यानंतरच्या अर्ध्या तासात. मालवणचा पर्यटन हंगाम पेट्रोलच्या इंजिनांवर चालतो. मासेमारीच्या यांत्रिक नौकांना सोसायट्यांचे डिझेल पंप आहेत, आमच्या पेट्रोलला बंदरात जागा नाही. 1934 चा पेट्रोलियम कायदा बोटीच्या टाकीतल्या इंधनाला परवान्यातून सूट देतो, पण ते टाकीपर्यंत पोचवायचं कसं, याचं उत्तर एकाही टेबलावर मिळत नाही. बोट पंपावर जाऊ शकत नाही. पंपवाला प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मग पहाटे स्कूटरच्या पायाशी कॅन, किनाऱ्यावर गुडघाभर पाणी, हलणारी बोट आणि हातात नरसाळं. सांडलेलं पेट्रोल थेट खणात. समुद्राचं खातं म्हणतं इंधन आमचा विषय नाही, इंधनाचं खातं म्हणतं समुद्र आमचा विषय नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे आणि आता त्याचा संताप येतो.

तपासणीला बोट कोरडी, टाकी रिकामी. खलाशी बटण दाबतो, हॉर्न वाजतो, रकान्यात खूण होते. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष लाइफ जॅकेट आणि माणसांच्या संख्येवर आहे. ते असायलाच हवं. पण भरलेल्या टाकीनिशी, पाण्यात उभ्या बोटीचा खण उघडून बघणारा साहेब आम्हाला अजून दिसायचा आहे.

मालवण धक्क्यावर एक आणि देवबागला कर्ली खाडीच्या बाजूने एक, अशी पेट्रोल भरण्याची दोन अधिकृत ठिकाणं आपण मागितली पाहिजेत. प्रत्येक संघटनेने या महिन्याच्या बैठकीत तसा ठराव करावा, जिल्हा नियोजन समितीकडे द्यावा आणि पोचपावतीची प्रत आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती छापू. मागणी मान्य होईपर्यंत सुटी टाकी वापरणाऱ्यांनी ती बोटीतून उतरवून, जमिनीवर टेकवूनच भरावी. जेटस्कीवाल्यांनी भरल्यावर सीट उघडून खण मोकळा करावा आणि मगच इंजिन चालू करावं. नळ्या दिवाळीच्या गर्दीआधी बदला. आणि ज्यांनी वायर कापली आहे, त्यांनी ती जोडून अलार्म तपासून घेईपर्यंत बोटीत एकही माणूस घेऊ नये.