वानटोकला नकार देताना

पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. तिथल्या टोक पिसिन भाषेत ‘वानटोक’ म्हणजे आपल्या बोलीचा, आपला माणूस. शहरात नव्याने आलेल्या पोराला आसरा देतो तो वानटोकच. पण हाच माणूस सचिवाच्या दारात नोकरी किंवा कंत्राट मागायला उभा राहतो, तेव्हा खरी परीक्षा असते. पोर्ट मोर्स्बीच्या वायगानी भागात सरकारी अधिकाऱ्यांना नेतृत्व आणि प्रशासनाचे शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था आहे. तिला ऑस्ट्रेलियाचे पाठबळही लाभले. हे स्वागतार्हच. मात्र नियमांची उजळणी पुरणार नाही. नेत्यांसाठी आचारसंहिता आणि लोकपाल आयोग या देशाच्या १९७५च्या राज्यघटनेतच आहेत. नाते न तोडता नकार कसा द्यावा, हे शिकवायला हवे; आणि ते परदेशी सल्लागाराला जमणारे नाही. शेजारच्या सॉलोमन बेटांवर २००३ ते २०१७ अशी चौदा वर्षे परदेशी साहाय्य पथक होते. पथक परतले, गावकी तिथेच आहे. असा नकार स्वतः पचवलेले स्थानिक निवृत्त सचिव वर्गात उभे करा. आणि नकार देणाऱ्याची खुर्ची मंत्र्याच्या लहरीवर हलणार नाही, एवढी हमी सरकारने द्यावी.