सारखेपणाचा सोस

परवा एका परिसंवादात एका नामवंत वक्त्यांनी आमच्या पेशाचा निकाल लावला. समान संधी अधिकारी म्हणजे पगारी पाहुणा, असे ते म्हणाले. सभागृह हसले. हशा पदरात पडला की मुद्दाही सिद्ध झाला असे माणसाला वाटते, तसे त्यांना वाटले असावे. कारण पुरावा म्हणून त्यांनी पुढे काहीच दिले नाही. मी हे काम एका खासगी आस्थापनेत करतो. कागदावर माझे पद ‘संपर्क अधिकारी’ आहे. समोर मला ‘समान संधीवाले’ म्हणतात आणि पाठीमागे जे म्हणतात ते छापण्याजोगे नाही. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचे आहे असा आव मी आणत नाही.

त्यांचे म्हणणे पाच वाक्यांत मावते. त्यांनी पाऊण तास घेतला. कायदा आहेच, मग अधिकारी कशाला? आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो, त्यातच समता आली. ज्याच्यात गुण आहेत तो वर येतोच, त्याला हात धरून आणावे लागत नाही. या सगळ्याला पैसा फार लागतो. आणि दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे काय, बाजारात मिळतात. मध्येच त्यांनी आपल्या आजोबांचा दाखला दिला, जे कंदिलाच्या उजेडात शिकून मोठे झाले. आजोबांविषयी मला पूर्ण आदर आहे. मात्र त्यांना कंदील दिसत होता, एवढे नमूद करून पुढे जातो.

खर्चाचे उत्तर कायद्यातच आहे. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाजवी सोयीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यातूनच प्रमाणाबाहेरचा बोजा वगळला आहे. वक्त्यांनी व्याख्या शेवटपर्यंत वाचली असती तर सभेची दहा मिनिटे वाचली असती. प्रमाणपत्रांचे म्हणाल, तर खोट्या नोटा चलनात येतात म्हणून कोणी पगार घ्यायचा थांबत नाही.

राहता राहिले ‘सगळ्यांना सारखेच’. हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या सात्त्विक चेहऱ्यांनी उच्चारलेले ऐकले आहे, की आता त्याचा सविस्तर समाचार घ्यावा म्हणतो.

भरतीची जाहिरात घ्या. पद हिशेबनिसाचे, दिवसभर टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रे. जाहिरातीत अट: ‘स्वतःची दुचाकी व वाहन परवाना आवश्यक.’ का? तर मागच्या जाहिरातीत होती म्हणून. मागची जाहिरात विक्री प्रतिनिधींची होती, तिच्यावरून ही उतरवली. अट सगळ्यांना सारखी आहे, वादच नाही. फक्त ज्याला कमी दिसते तो, ज्याचा पाय अधू आहे तो, आणि घरातली एकुलती एक गाडी भावाकडे असल्यामुळे तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारी मुलगी, हे तिघे अर्जाआधीच गळाले. त्यांना कोणी नाकारले नाही. त्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही. आणि वर्षअखेरीला साहेब मान हलवत सांगतात, ‘अहो, असे उमेदवार येतच नाहीत!’

मग ती जाहिरात संकेतस्थळावर चढते. मराठी मजकूर श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टंकलेला. या जुन्या फॉन्टांत डोळ्यांना ‘पात्रता’ दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. अंध उमेदवार एनव्हीडीए हे फुकट मिळणारे स्क्रीन रीडर लावतो, तेव्हा त्याच्या कानावर भलतेच काहीतरी पडते. पुष्कळदा तेवढेही नशिबी नसते; छापील पानाचा फोटो काढून त्याचीच पीडीएफ केलेली असते, मग ऐकायला काहीच येत नाही. युनिकोडमध्ये टंकायला दमडी लागत नाही हे खर्चवाल्यांनी टिपून ठेवावे. अर्ज भरता भरता शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायची, म्हणजे अर्ज करणारा यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध होते. ज्याला ती अक्षरे दिसत नाहीत तो त्या फॉर्मच्या लेखी माणूस ठरत नाही. इथेही नियम सगळ्यांना एकच.

एवढ्यातून पार पडलेला मुलाखतीला पोचतो. इमारतीला तीन पायऱ्या. रॅम्प आहे, आणि तो बांधणाऱ्यांना त्याचा अभिमानही आहे. पायरी 15 सेंटीमीटरची धरली तर चढायची उंची 45. एकास बारा हा उतार पाळला तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. असतो दीड मीटर, कारण त्यापुढे साहेबांच्या गाडीची जागा आहे. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही; खाली मात्र फार झपाट्याने येते. वरच्या व्हरांड्यात एक कर्णबधिर मुलगा बसला आहे. शिपाई दारातून त्याचे नाव पुकारतो, नियमाप्रमाणे दोनदा. मग पुढचे नाव. हजेरीपटावर शेरा पडतो: गैरहजर. त्या दिवशी प्रत्येकाचे नाव त्याच आवाजात पुकारले गेले होते, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

या प्रत्येक ठिकाणी करायचे असते ते अगदी किरकोळ. दुचाकीची अट खोडायची. मजकूर युनिकोडमध्ये घालायचा. मुलाखतपत्रात एक ओळ लिहायची, की काही सोय हवी असल्यास कळवा. शिपायाला सांगायचे, की नाव पुकारायचे आणि फलकावरही लिहायचे. यात कोणाला अर्धा गुण जास्त मिळत नाही, कोणाची जागा जात नाही. पण हे करायचे कोणी? जाहिरात लिहिणाऱ्याला दुचाकीची अट खटकत नाही, कारण तो दुचाकीवरूनच कामावर येतो. कायदा स्वतः येऊन जाहिरात तपासत नाही.

गुणवत्तेचा मुद्दा मांडताना वक्त्यांचा स्वर टिपेला गेला. लेखनिक दिला तर परीक्षा नक्की कोणाची, असा सवाल त्यांनी टाकला. टाळ्या! नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लिहिताना हात साथ देत नाही असा विकार होता. त्याने लेखनिक मागितला, तर उत्तर आले की तुमचे दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या ठरीव मापात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हे उत्तर फेटाळले, आणि पुढे 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांच्या आतल्या उमेदवारांसाठीही लेखनिकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मला वक्त्यांना एवढेच विचारायचे आहे, की ती परीक्षा राज्यकारभाराची समज जोखायला घेतात की मनगट? मनगटच जोखायचे असेल तर लाल मातीच्या आखाड्याची सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. आणि हाच न्याय लावायचा, तर सचिव तोंडी सांगतो आणि लघुलेखक टिपून घेतो ते टिपण कोणाचे? तिथे कोणाला गुणवत्तेची काळजी वाटलेली माझ्या ऐकिवात नाही.

‘कायदा आहेच’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. 1995च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी 3 टक्के जागा ठेवल्या. झाले, कायदा आला! मग कार्यालयांतून खल सुरू झाला: 3 टक्के, पण कशाचे? सगळ्या जागांचे, की दिव्यांगांना जमतील म्हणून निवडलेल्या पदांचे? ही निवड कोण करणार? आणि ती होईपर्यंत भरती थांबवायची की आरक्षण? आरक्षणच थांबले, हे सांगायला नको. पदे निश्चित व्हायची आहेत ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला 2010 मध्ये सांगावे लागले. टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायची, हे 8 ऑक्टोबर 2013 रोजी सांगावे लागले. शाळेत शेकडेवारीची उदाहरणे सोडवून आलेल्या प्रशासनाला छेद कोणता घ्यायचा हे कळायला 18 वर्षे लागली. त्या काळात एक ज्येष्ठ आस्थापना अधिकारी मला समजावत असत, की कायदा हळूहळू मुरतो, घाई करू नये. कायदा मुरेपर्यंत वयोमर्यादा ओलांडून गेलेल्यांचे काय, यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते: ‘चहा घ्या.’

2016चा नवा कायदा 2017च्या एप्रिलमध्ये लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून 21 झाले, सरकारी आरक्षण 4 टक्के झाले आणि समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही करावे लागले. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर भरती आणि सोयी पाहायला संपर्क अधिकारी नेमावा, हे 2017च्या नियमांत लिहिले आहे. म्हणजे कायदा असताना अधिकारी कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कायदाच वाचलेला नाही. धोरणांची अवस्था विचारू नका. एका धोरणात दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेलेले मी पाहिले आहे. उतरवणाऱ्याने पहिल्या पानावरचे बदलले, सातव्या पानावरचे राहिले. पहिल्या उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त 10 हजार रुपये. दिवाळीच्या सुक्या मेव्याला याहून जास्त लागतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो वक्त्यांचा नव्हे, मागच्या रांगेतल्या एका बाईंचा. अधिकारी नेमला की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, असे त्या म्हणाल्या. होतात. विशेषतः हे पद कल्याण अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले, की तो कॅन्टीन, गणवेश आणि क्रीडास्पर्धा सांभाळून उरलेल्या वेळात समता आणतो. पण यावरचा उपाय पद रिकामे ठेवणे हा नव्हे, त्याला अधिकार देणे हा आहे.

कोणते अधिकार? कोल्हापूरकडे पाहावे. 26 जुलै 1902चा शाहू महाराजांचा आदेश म्हटला की आपल्याला 50 टक्के राखीव जागा आठवतात. त्याच आदेशात पुढे असेही होते, की सर्व खातेप्रमुखांनी यापुढे केलेल्या नेमणुकांचे तिमाही विवरणपत्र सादर करावे. महाराजांना आपल्या खातेप्रमुखांची ओळख असावी. नुसती टक्केवारी सांगून सोडून दिली तर तिचे काय होते, हे त्यांना 1995ची वाट न पाहता कळले होते.

माझी मागणी त्याहून फार मोठी नाही. कोणतीही जाहिरात संपर्क अधिकाऱ्याच्या सहीशिवाय बाहेर जाऊ नये, आणि प्रत्येक अटीपुढे ती या पदाला का लागते हे लिहून द्यावे लागावे. दर तिमाहीला पाच आकडे यावेत: अर्ज किती आले, बोलावले किती, हजर किती झाले, निवडले किती, आणि वर्षानंतर टिकले किती. स्त्रिया, दिव्यांग, तृतीयपंथी यांचे वेगवेगळे. अर्ज भरपूर आणि हजर थोडे असतील तर इमारत किंवा निरोपाची पद्धत तपासायची. निवडले बरे आणि टिकले थोडे असतील तर वरिष्ठांच्या वागण्याकडे वळायचे. पहिल्या तिमाहीत आकडे वाईटच येतील. येऊ देत. फक्त ते संचालक मंडळाच्या टेबलावर यावेत, मनुष्यबळ विभागाच्या कपाटात नकोत.