साचा एक, रंग दोन

दिवाळीत किल्ला करणे हा शाळकरी पोरांचा उद्योग. महाविद्यालयात पाऊल टाकले की आपण त्यातून मोठे होतो, असा आपला समज असतो. गेल्या दिवाळीत आमच्या नेरूळच्या सोसायटीतील मुलांनी मला पुन्हा त्यात ओढले. दगड-विटा, गोणपाट, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली माती असा सारा सरंजाम त्यांनी जमवला होता. उतारावर हळीवही पेरले होते. माझ्या वाट्याला चित्रे रंगवण्याचे काम आले. बाजारातून आणलेली चोवीस कोरी मातीची चित्रे, पोस्टर कलरच्या सहा बाटल्या आणि शून्य नंबरचा ब्रश घेऊन मी जिन्याखाली बैठक मारली.

कोऱ्या मातीवर थेट रंग दिला तर माती तो पिऊन टाकते. म्हणून आधी सगळ्यांना पांढरा हात दिला. ती ओळीने वाळत ठेवली तेव्हा लक्षात आले, की वासुदेव, गवळण, वाघ वगैरे आठ सोडली तर उरलेली सोळा एकाच साच्यातून निघाली आहेत. तोच चेहरा, तीच मिशी, तीच ढाल आणि तीच तलवार. मुलांचा हुकूम होता : बारा मावळे आणि चार शत्रू. म्हणजे फरक करायचा तो ब्रशनेच. भगवा फेटा चढवला की मावळा, हिरवा चढवला की शत्रू!

ब्रश धुवायला पाण्याची वाटी धरून बसलेल्या चौथीतल्या मुलाने विचारले, “दादा, हा शत्रू कशावरून?” मी सहज म्हणालो, “हिरवा आहे ना!” तो गप्प बसला. त्याचे आडनाव शेख. किल्ल्यासाठी माती वाहण्यात तोच सर्वांत पुढे होता.

मित्रहो, मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि त्या क्षणी मी जे उत्तर दिले ते चुकीचे होते, हे मला ठाऊक असायला हवे होते. १६५९ साली प्रतापगडाच्या भेटीपूर्वी अफझलखानाच्या बाजूने बोलणी करायला आला तो कृष्णाजी भास्कर, त्याचा ब्राह्मण वकील. १६६५ साली पुरंदरच्या तहाला महाराजांना भाग पाडणारा मिर्झाराजा जयसिंग हा रजपूत. उलट महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान आणि लष्करातला सिद्दी हिलाल, हे स्वराज्याचे. आता सांगा, यांतल्या कोणाला कोणता फेटा चढवायचा?

फार काय, खुद्द महाराजांच्या बाबतीतही रंगाने आपल्याला फसवले आहे. एका मुसलमान सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे रूढ झाले होते. ते महाराजांचे नव्हे, हे इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले व महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले. चेहऱ्यावरून माणसाचा पक्ष ओळखू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

युरोपात प्रौढ माणसेही बोटभर उंचीचे सैनिक रंगवण्याचा छंद जोपासतात. त्यांत समुद्रावरून धाड घालणारे व्हायकिंग आणि त्यांच्या तडाख्यात सापडलेले मठवासी ही जोडी लोकप्रिय आहे. ७९३ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ व्हायकिंगांनी लुटला. त्याची हकीकत लिहिली मठवासीयांनी. कारण लेखणी त्यांच्या हाती होती. व्हायकिंग शेतकरीही होते, व्यापारीही होते, उत्तम नावा बांधणारे होते. पण जगाच्या लक्षात राहिला तो लुटारू. पुढे १८७६ मध्ये वाग्नरच्या संगीतनाट्याच्या वेषभूषेतून त्याच्या शिरस्त्राणाला शिंगेही फुटली, आणि ती अजून गळून पडलेली नाहीत!

हे वाचून आपण हसतो. पण १६६४ सालची सुरत आठवा. शाहिस्तेखानाने पुणे प्रांताची धूळधाण केली होती, खजिना भरणे भाग होते, ही आपली बाजू. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत मात्र महाराज बंडखोर आणि लुटारू आहेत. त्याच धामधुमीत फादर अँब्रोज या कॅप्युचिन मिशनऱ्याच्या घराला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, हे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. त्या काळच्या सुरतेतल्या एखाद्या मुलाने मावळ्याचे चित्र रंगवले असते तर कोणत्या रंगाचे रंगवले असते? आणि त्या फादरने?

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळात इतिहास कशाला घुसडता? माझे म्हणणे असे की तो तिथे आधीच आहे. इतिहासाचे पुस्तक हाती येण्यापूर्वी मुलाच्या हाती ते चित्र येते. आणखी कोणी म्हणेल, मग सगळेच सारखे, लढाई झालीच नाही असे दाखवायचे का? मुळीच नाही. खान जीव घ्यायला आला होता आणि बाजीप्रभू खरोखरच खिंडीत पडले. लढाई खरी होती. खोटी आहे ती फेट्याच्या रंगावरून केलेली माणसांची वाटणी.

आपल्याच शहरातला बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा हातांतून गेला. निशाण बदलले, दगड तेच राहिले. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आपण पेढे वाटले. आता आपल्या इतिहास मंडळाने आणि कलाविभागाने दिवाळीपूर्वी एक दिवस एकत्र बसावे आणि आजूबाजूच्या मुलांबरोबर चित्रे रंगवावीत. प्रत्येक चित्राला रंगाआधी नाव द्यावे. नाव दिले की कोणाचा कोण हे पाहावे लागते, वाचावे लागते.

त्या रात्री मी एका मावळ्याचा भगवा फेटा पुसून हिरवा केला आणि शत्रूंपैकी एकाला भगवा चढवला. पहिल्याचे नाव दौलतखान, दुसऱ्याचे मिर्झाराजा. वाटी धरणाऱ्या मुलाला दोघांची गोष्ट सांगितली. त्याने दौलतखान उचलला आणि निळ्या रंगाच्या परातीत, कागदी होडीवर, स्वतःच्या हाताने उभा केला.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)