खासदारकीच्या उमेदवाराला दिल्लीचंच विचारा

लोकसभेच्या उमेदवाराला काय विचारावं, याबद्दल उमरी, धर्माबाद, नायगाव या पट्ट्यात एक मत घट्ट रुजलेलं आहे. सभामंडप कोणाला दिला, हायमास्ट कुठं बसवला, नांदेडच्या दवाखान्यात आपल्या माणसासाठी फोन केला का, लग्नाला आणि मयतीला आला का, एवढं विचारलं की झालं. आयात शुल्क, हमीभाव, आरक्षणाची मर्यादा, दोन राज्यांमधलं पाणी असे विषय निघाले की पारावरचा जाणता माणूसही म्हणतो, "दिल्लीचं आपल्याला काय करायचंय? आपलं काम झालं म्हंजे बास." हे मत मला साफ चुकीचं वाटतं, आणि ते या भागाला फार महाग पडलेलं आहे.

पूर्वपक्ष हलका करून खोडण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडतो. या मताची माणसं म्हणतात की शेती, सिंचन, रस्ते हे राज्याचे विषय आहेत. खासदाराच्या हातात वर्षाला पाच कोटींचा निधी, त्यापलीकडे त्याची सत्ता नाही. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. मग त्याची स्वतःची भूमिका विचारून काय हाती लागणार? जाहीरनामा वाचला की पुरे. आणि तिसरी गोष्ट, जी शिकलेली माणसं जरा दबक्या आवाजात बोलतात: गावातला मतदार जात आणि सोयरीक बघून मत देतो, त्याला धोरणातलं काही कळत नाही.

यातला पहिला मुद्दा सोयाबीनच्या एका पोत्यापुढे टिकत नाही. शेती राज्याच्या सूचीत आहे, कबूल. पण मोंढ्यात सोयाबीनला जो भाव लागतो, तो खाद्यतेलावरच्या आयात शुल्कावर, पेंडीच्या आयातीवर, हमीभावावर आणि नाफेडच्या खरेदीवर हलतो. यांतली कुठलीच गोष्ट मुंबईत ठरत नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेलं होतं. कुक्कुटपालन उद्योगाने पेंड महागल्याची ओरड केली आणि केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. जे बियाणं आपल्या शेतकऱ्याला पेरायला बंदी, त्याचीच पेंड बंदरावर उतरवायला मुभा! पेंडीचा निर्णय आणि नवा हंगाम एकदमच आले आणि भाव कोसळला. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. मे २०२५मध्ये ते १० टक्क्यांवर उतरवलं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं, त्यामुळे शहरातल्या ग्राहकाला स्वस्त तेल हवं असणं हेही खोटं नाही. दोघांच्याही बाजूला न्याय आहे आणि निवाडा दिल्लीत होतो. तिथे आपल्या बाजूने बोलायला ज्याला पाठवायचं, त्याला या विषयावर मत आहे की नाही, हेच आपण विचारत नाही.

नांदेडची पोटनिवडणूक आठवून पाहा. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ रोजी गेले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच लोकसभेचंही मतदान झालं. ऐन सोयाबीन विकायचे दिवस. हमीभाव ४,८९२ रुपये, आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. प्रचारात एका बाजूने सहा हजारांचं आश्वासन आलं, दुसऱ्या बाजूने सात हजारांचं. लिलावाची बोली चढावी तसे आकडे चढले. पण हा भाव देणार कसा? आयात शुल्क वाढवून, सरकारी खरेदी करून, की भावातला फरक खात्यावर जमा करून? खरेदी असेल तर केंद्रं किती, बारदाना कुठून, चुकारा किती दिवसांत? आकडा फेकणाऱ्याला हे विचारणं मतदाराचं काम होतं, आणि ते आपण केलं नाही. त्याच प्रचारकाळात केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची अट १२ टक्क्यांवरून १५ टक्के केली. शेतकऱ्याच्या पोत्यातल्या ओलाव्याचे तीन टक्केसुद्धा जिथे दिल्लीत ठरतात, तिथे "दिल्लीचं आपल्याला काय" असं म्हणणारा माणूस स्वतःच्या घामाचा हिशेब परक्याच्या हाती देतो.

पक्षादेशाचा मुद्दा वजनदार आहे. तो मी झटकणार नाही. पण पक्षादेश मताला बांधतो, तोंडाला नाही. खासदाराला तारांकित प्रश्न विचारता येतो, शून्य प्रहरात उभं राहता येतं, खासगी विधेयक मांडता येतं. संसदेच्या स्थायी समित्यांमध्ये पक्षादेश चालत नाही. डिसेंबर २०२४मध्ये शेतीविषयक स्थायी समितीने हमीभावाला कायद्याचं बळ द्यावं अशी शिफारस केली. त्या समितीत सगळ्या पक्षांचे खासदार होते. २०१८मध्ये खासदार राजू शेट्टींनी हमीभाव आणि कर्जमुक्ती यांवर दोन खासगी विधेयकं लोकसभेत आणली. यावर कोणी म्हणेल, "आणि पुढच्याच वर्षी ते पडले." पडले, खरं आहे. मात्र त्यात दोष विधेयकाचा किती आणि भूमिकेची किंमत न करणाऱ्या आपल्यासारख्यांचा किती, हेही बघायला हवं. उलट पंजाबात पाहा. १७ सप्टेंबर २०२० रोजी शेती विधेयकांवरून हरसिमरत कौर बादल यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. त्यांच्या पक्षाने आधी त्याच अध्यादेशांची पाठराखण केली होती. तिथल्या गावागावांत जाब विचारला जाऊ लागला, तेव्हा भूमिका बदलली. वर्षभराने, नोव्हेंबर २०२१मध्ये, ते कायदे मागे घेतले गेले. पक्षादेश निघण्याआधी पक्षात बोलणी होतातच. ज्याने मतदारांना शब्द दिलेला असतो, त्याच्याकडे त्या बैठकीत बोलायला काहीतरी असतं.

मतदाराला कळत नाही, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो माझ्या माणसांचा अपमान आहे. २० नोव्हेंबरला एकाच केंद्रात दोन मतं द्यायची होती, एक मुंबईसाठी आणि एक दिल्लीसाठी. नांदेड लोकसभेतल्या सहाही विधानसभा, आपली नायगाव धरून, महायुतीने जिंकल्या. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, म्हणजे वसंतरावांचे पुत्र, निवडून दिले, भाजपचे संतुकराव हंबर्डे यांच्यापेक्षा १,४५७ मतं जास्त देऊन. यात सहानुभूती होती, उमेदवारांची नातीगोती होती, मान्य. तरीही हजारो माणसांनी दोन यंत्रांपुढे दोन वेगळे विचार केले. मुंबई आणि दिल्ली यांतला फरक ज्यांना कळत नाही म्हणता, ती ही माणसं! आणि उमरीला देशाचे प्रश्न कोणी शिकवायचे? हैदराबाद संस्थान भारतात यावं म्हणून ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी जी बँक लुटली, ती याच उमरीची. तो प्रश्न काही सभामंडपाचा नव्हता.

जातीचंच बोलायचं तर तेही बोलू. २०२४मध्ये मराठा आरक्षणावरून जिल्ह्यातल्या गावांत नेत्यांच्या गाड्या अडवल्या गेल्या. पण उमेदवाराला विचारलं काय? "आरक्षणाला पाठिंबा आहे का?" याला नाही कोण म्हणणार? खरा प्रश्न पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा आहे. ती १९९२च्या इंद्रा साहनी निकालाने घातली आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करताना तीच कायम ठेवली. त्या मर्यादेपलीकडे जायचं तर वाट संसदेतून जाते. तमिळनाडूचं ६९ टक्के आरक्षण १९९४मध्ये घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेलं. आर्थिक दुर्बलांचे दहा टक्के २०१९मध्ये घटनादुरुस्तीनेच आले. म्हणून मराठा तरुणाने उमेदवाराला विचारावं की मर्यादा उठवायची घटनादुरुस्ती तुम्ही मागणार का, हो की नाही. ओबीसी तरुणानेही तितक्याच हक्काने विचारावं की आमच्या वाट्याला हात न लावता हे कसं करणार. दोघांनी एकाच सभेत विचारलं तर फार बरं. आज उमेदवार दोन वेगळ्या गल्ल्यांत दोन वेगळी उत्तरं देऊन निघून जातो.

आता पाण्याकडे येतो. गोदावरीवर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे, क्षमता २.७४ टीएमसी. २८ फेब्रुवारी २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. म्हणजे नदीला पाणी असतं तेव्हा दरवाजे उघडे, आणि दरवाजे बंद होतात तेव्हा ओसरता प्रवाह. वरच्या गावांनी बंधारा डोळ्यांनी पाहायचा आणि पाणी तेलंगणातल्या पोचमपाड धरणात जाताना बघायचं. या निकालावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी आणि दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधी आहे. आंतरराज्य नद्या केंद्राच्या सूचीत येतात. दरवाजे बंद करायची तारीख अलीकडे आणायची मागणी उमेदवार केंद्रापुढे मांडणार का, तेलंगणाशी बोलणी करायला आपल्या पक्षाला भाग पाडणार का, हे काठावरच्या गावांनी विचारलंच पाहिजे. २०१०च्या जुलैमध्ये चंद्राबाबू नायडू याच बंधाऱ्यासाठी सीमा ओलांडून आले आणि धर्माबादला अटक करवून घेतली. ते त्यांच्या शेतकऱ्याच्या बाजूने आले होते. आपल्या बाजूने तितक्या हट्टाने कोण गेलं?

आणि उमेदवाराकडून असा शब्द घेता येत नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी उमरीच्या स्टेशनावर निझामाबादच्या गाडीत बसावं. २०१९च्या लोकसभेला निझामाबादला १८५ उमेदवार होते. त्यांतले १७८ शेतकरी. हळदीला मंडळ हवं आणि हळद-ज्वारीला रास्त भाव हवा, एवढ्यासाठी त्यांनी अर्ज भरले. एका मतदान केंद्रावर बारा-बारा मतदान यंत्रं जोडावी लागली. भाजपचे उमेदवार धर्मपुरी अरविंद यांनी मुद्रांकावर लिहून दिलं की हळद मंडळ आणीन. तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची मुलगी आणि तेव्हाच्या खासदार कविता पराभूत झाल्या. मंडळ लगेच आलं नाही, शेतकऱ्यांनी त्या कागदाची आठवण वर्षानुवर्षं करून दिली; शेवटी जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं आणि मुख्यालय निझामाबादला मिळालं. हळद हिंगोली-वसमतलाही पिकते, नांदेडलाही पिकते. निझामाबादच्या शेतकऱ्यांनी लिहून घेतलं, आपण घेतलं नाही.

पुढची लोकसभा २०२९ला आहे. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, हार घालण्याआधी त्याच्यापुढे कागद ठेवा. खाद्यतेल आणि पेंडीच्या आयातीवर, हमीभावाच्या कायद्यावर, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर, बाभळीच्या दरवाजांवर त्याचं मत काय, ते तारखेसह लिहून घ्या, सही घ्या आणि पारावर लावा. सभामंडपाचं नंतर बोलू. सही नसेल तर उमरीचं मत नाही, हे त्याला तोंडावर सांगा.