सर्व्हर डाउन, चूल बंद : सायबर सुरक्षा कुणाची?



गेल्या महिन्यात नारायणगावात कार्यकर्त्यांची बैठक होती. रेशन, घरकुल, गायरान हे नेहमीचे विषय झाले. मी सायबर सुरक्षेचा विषय काढला, तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते हसले. म्हणाले, "ताई, तो आयटीवाल्यांचा विषय. आपल्या लोकांकडे कॉम्प्युटर आहे कुठं?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्या माना डोलावणाऱ्यांसाठी हा लेख.

२७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं कोलमडलं आणि न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोटा २० ते ३० कोटी डॉलरचा, असं कंपनीनेच सांगितलं. पण अशा वेळी बंदरावर अडकणाऱ्या ड्रायव्हरचे, क्लीनरचे, हमालाचे बुडालेले दिवस कुठल्या ताळेबंदात लिहिले जातात?

जुन्नरची द्राक्षं याच बंदरातून परदेशी जातात. हल्ला जूनमध्ये झाला, तेव्हा हंगाम सरलेला होता. तो फेब्रुवारीत झाला असता तर? कंटेनर हलला नाही की पॅकहाउस थांबतं, पॅकहाउस थांबलं की काढणी थांबते, आणि काढणी थांबली की खुडायला-भरायला येणाऱ्या बाईची रोजंदारी त्याच दिवशी बुडते. बागायतदाराचं नुकसान मोठं, हे मान्य. पण त्याच्यासाठी विम्याची, कर्जमाफीची चर्चा तरी होते. मजूर बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. साखळीच्या वरच्या टोकाला बसलेला घाव सगळ्यात खोल लागतो तो खालच्या टोकाला. कॉम्प्युटर आपल्याकडे नसेल, पण आपली भाकरी त्या कॉम्प्युटरवर टांगलेली आहे.

आता बंदर सोडून आपल्या डोंगरात या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीतली म्हातारी रेशनसाठी पायी खाली येते. दुकानदार ई-पॉस मशीनवर तिचा अंगठा घेतो. आयुष्यभर भात लावून, दगड उचलून अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. मशीन ओळखत नाही. ओळखलं, तर सर्व्हर डाउन. "आजी, उद्या या." तिचा उद्या म्हणजे पुन्हा तीच पायपीट आणि बुडालेला आणखी एक दिवस. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

साहेब लोक सांगतात, ही तांत्रिक अडचण आहे, सुरक्षेचा प्रश्न नाही. साफ चूक. माहिती सुरक्षेच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात तीन खांब सांगितलेले असतात : गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. गरज असताना यंत्रणा चालू असणं, हा सुरक्षेचाच भाग आहे. ज्या व्यवस्थेत हक्काचं धान्य गोदामात असूनही हातात पडत नाही, ती असुरक्षित व्यवस्था आहे. मग ती हॅकरने पाडलेली असो की सरकारच्या बेफिकिरीने.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० मध्ये अतिमहत्त्वाच्या यंत्रणेची व्याख्या आहे. जी बंद पडल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांवर गंभीर आघात होईल, ती. भूक हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नाही का? एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना घडली की ती सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळवावी लागते. दिल्लीला सहा तासांत कळतं. वाडीतल्या म्हातारीला दुकानाच्या दारात पोहोचल्यावर कळतं!

मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये केली. कशाला मूलभूत म्हणायचं हे तंत्रज्ञ ठरवत नाहीत, सत्ता ठरवते. आपण त्या चर्चेत नसू, तर आपलं ताट त्या यादीत येणार नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. ऑनलाइनमुळे काळाबाजाराला आळा बसला, पुन्हा कागद आणला तर चोरी परत येईल, असं म्हणतात. चोरीची भीती खोटी नाही. आपल्याच वस्त्यांचं धान्य चोरीला गेलं आहे. पण मर्स्क कशाने वाचली? घानामधल्या तिच्या कार्यालयातली वीज गेलेली होती, म्हणून तिथला एक सर्व्हर जाळ्याबाहेर राहिला आणि त्याच प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करता आलं. जगातल्या बलाढ्य कंपनीला जाळ्याबाहेरची एक प्रत वाचवते आणि आम्ही रेशन दुकानात पर्यायी रजिस्टर मागितलं की आम्ही मागास?

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. मशीन बंद पडलं तर त्याच दिवशी रजिस्टरवर, ग्राम दक्षता समितीच्या साक्षीने धान्य द्या; नोंदी नंतर मशीनशी ताडून पाहा. धान्य देता आलं नाही, तर अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ८ प्रमाणे भत्ता द्या. हा हक्क कायद्यात आहे, उपकार नाही. बाजार समित्या आणि पतसंस्थांच्या संगणक यंत्रणेची नियमित तपासणी करा. आणि आपल्या पोरांना फक्त डेटा एंट्रीपुरतं ठेवू नका, सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण द्या. गेटवर काठी घेऊन उभं राहण्याची सुरक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. आता कुलपाची किल्ली कुणाच्या हातात आहे, ते विचारायचं.

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची ती नोंद. नाणेघाटाच्या व्यापारावर पोसलेल्या या गावात धान्याचा धंदा करणाऱ्यांनी तहानलेल्यासाठी पाणी ठेवलं. आज त्याच तालुक्यांत धान्याच्या दुकानातून माणूस रिकाम्या पिशवीने परत जातो आणि आपण म्हणतो, हा आयटीवाल्यांचा विषय!

पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घेऊया.

जय भीम! जय संविधान!